पावणेपस्तीस

आमच्या घरमालकांना फोनवर बोलताना ऐकणं ही जामखेडमधली माझी पहिली करमणूक. समोरच्यानं हॅलो म्हटलं की हे विचारत, कुठून बोलतोस? तो म्हणे, घरून. मग समोरच्या भिंतीवर काय आहे ते सांग. बिचाऱ्याला कॅलेंडर, घड्याळ, देवाचा फोटो असं सगळं सांगावं लागे, आणि मगच मूळ गोष्ट निघे. एकदा कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीतून एका मुलीचा फोन आला होता. तिला त्यांनी तिच्या टेबलावरच्या वस्तू एकेक करून विचारल्या. पाचव्या वस्तूला तिनंच फोन ठेवून दिला.

डोळ्यांना दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं व्रत होतं. घरमालकीण काकू म्हणाल्या दही लागलंय, तर हे झाकण काढून बघणार आणि त्या खटाटोपात दही मोडणार. टाकी भरली म्हटलं तर बासष्टाव्या वर्षी शिडी लावून वर चढणार. बारशाला गेले तर पाळण्यात वाकून बाळ बघितल्याशिवाय पेढा तोंडात टाकायचे नाहीत. "दाव, मंग बोल," हे त्यांचं कुठल्याही वादातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. देवाचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, देव दिसत नाही हे खरं, पण देवाचा कुणी वर्ग करायला जात नाही.

वर्ग करण्याचा आणि त्यांचा काय संबंध, हे कळायला मला आधी खोली मिळवावी लागली.

मी देवळाली प्रवरेची. जामखेडच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायला आले, तेव्हा कुणीतरी त्यांच्या मागच्या खोलीचं नाव सांगितलं. ते ओट्यावर बसले होते. देवळालीची म्हणजे पाण्याकडची, असं म्हणून त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. तुमच्याकडं पाटाला पाणी सुटणार असं नुसतं ऐकलं तरी लोक ऊस लावून मोकळे होतात, आमच्याकडं विहिरीत वाकून बघावं लागतं, हेही ऐकवलं. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली होती. तोंड उघडून दात मोजल्याशिवाय त्यांनी कधी बैलाचं वय सांगितलं नाही. बोलता बोलता त्यांनी माझेही दात मोजून घेतले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

"काय शिकवता?"

गणित, म्हटलं. अकरावी-बारावीला.

"मंग तो आय बी शिकवत असाल," ते म्हणाले. भाऊबंदकीत कोर्टापर्यंत गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, तशा आवाजात.

हा आय म्हणजे अकरावीच्या गणितातली काल्पनिक संख्या. तीन त्रिक नऊ. वजा तीनला वजा तीननं गुणलं तरी नऊच. मग स्वतःला स्वतःनंच गुणून वजा नऊ देणारा आकडा कोणता? असा आकडा कुठंच नाही. म्हणून गणितवाल्यांनी एक कल्पून घेतला, त्याला आय म्हटलं, आणि त्याचा वर्ग वजा एक असतो असं ठरवून टाकलं. त्याच्या जोरावर अडलेली समीकरणं सुटायला लागली. एवढीच गोष्ट. पण या एवढ्या गोष्टीवरून आमच्या या घरमालक काकांची शाळा सुटली होती.

ही हकीगत ते न्हाव्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सर्वांना सांगत, आणि मी ती इतक्यांदा ऐकली की मधली विरामचिन्हंसुद्धा पाठ झाली. ते अकरावीत असताना गणिताच्या सरांनी हा आय शिकवला. हे भर वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, सर, असा आकडा नसतो. सर म्हणाले, पेपरात बघू. पेपरात नेमकं ते गणित आलं. एक्स वर्ग अधिक नऊ बरोबर शून्य. यांनी पेन घट्ट धरला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'असा आकडा नसतो.' सरांनी डूख धरून दोन मार्क कापले. पासाला पस्तीस, यांना तेहतीस. तो पेपर घेऊन जे घरी आले ते पुन्हा शाळेत गेले नाहीत. वडिलांबरोबर बाजारात उभे राहिले. पेपर मात्र पुरावा म्हणून लाल फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवला होता. त्या फडक्याला काकूंनी हात लावला तरी घरात दोन दिवस भांडण चाले.

मला खोली दिली ती या अटीवर, की मी त्यांना हा आकडा दाखवायचा. दोन महिने रोज संध्याकाळी मी हरले. एक आय शेळी दाव, ते म्हणत. मी म्हटलं, वजा एक शेळी तरी तुम्ही कुठं बघितलीय? "वजा म्हंजी गेलेली," ते म्हणाले. "गेलेली शेळी मी असताना बगितलेली असती. तिचं दावं अजून खुट्याला हाय. तुमच्या आयचं दावं कुटंय?" मी एम.एस्सी. झाले आहे. मला याचं उत्तर आलं नाही.

उत्तर दिलं काकूंनी, ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता. त्या एवढंच म्हणाल्या, "बाजारात रुमालाखाली तरी काय दिसत हुतं तुमाला?"

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एकमेकांच्या हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी तो आकडा कुणाला दिसत नाही, कुणी उच्चारत नाही. रुमाल निघतो तेव्हा बैल या दावणीचा त्या दावणीला गेलेला असतो. काकांचं सगळं आयुष्य असल्या न दिसणाऱ्या आकड्यांवर गेलं होतं, आणि ते लक्षात आणून द्यायला बायकोला चाळीस वर्षं वाट बघावी लागली. ते दोन दिवस ओट्यावर आले नाहीत. फोनही घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, मॅडम, रुमालाखालचं शिकवा.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी शिकवणी म्हणणार नाही. ते वहीवर गणित मांडत, आणि आयची पायरी आली की खिशातला रुमाल काढून वहीवर टाकत. रुमालाखाली हात घालून आयला आयनं गुणायचं, वजा एक घ्यायचा, आणि रुमाल झटकन उचलायचा. आय उघड्यावर लिहायचा नाही म्हणजे नाही. त्यामुळे त्यांच्या वहीत मधल्या ओळी एकमेकींवर चढलेल्या असत. उत्तर मात्र बरोबर येई. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचं रुमाल न घेताही येत नव्हतं.

उत्तरं जोडीनं येतात हे कळल्यावर तर त्यांना उधाण आलं. एक्स वर्ग वजा चार एक्स अधिक तेरा बरोबर शून्य, हे समीकरण मी घातलं. उत्तर, दोन अधिक तीन आय, आणि दोन वजा तीन आय. त्यांनी त्या दोन्ही उत्तरांवरून बोट फिरवलं. मग मला समजावायला लागले की ही खिल्लारी बैलांची जोडी आहे. दोन म्हणजे उंची, ती दोघांची सारखीच पाहिजे. तीन आय म्हणजे अंग. एक जुवाच्या डाव्या अंगाला चालणारा, दुसरा उजव्या. दोघं एकत्र जुंपले, म्हणजे त्यांचा गुणाकार केला, की येतात तेरा, आणि आयचा मागमूस राहत नाही. मी हे दुसऱ्या दिवशी वर्गात असंच्या असं सांगितलं. मागच्या बाकावरची पोरं आयुष्यात पहिल्यांदा हसली आणि ते गणित त्यांना परीक्षेतही आलं.

काकांनी मात्र गावाचा छळ मांडला. दुधवाल्याला ते माप घ्यायच्या आधी वजा सोळाचं वर्गमूळ विचारत. त्यानं चार सांगितलं तर त्याला थांबवून घेत. अखेर दूधवाला काकूंना म्हणाला की वहिनी, दूध मी गेटलाच अडकवून जात जाईन.

पण एवढं सगळं पटल्यावर सरांवरचा राग कशाच्या आधारावर ठेवायचा, असा प्रश्न होता. त्यावरही त्यांनी तोड काढली. आकडा खरा निघाला हे कबूल. पण सरांनी तेव्हाच रुमालाचं सांगितलं असतं तर मी तेव्हाच ऐकलं असतं, म्हणजे चूक शिकवण्याची, आणि माझे दोन मार्क अजून सरांकडेच आहेत.

सर खर्ड्याला राहत होते. एसटीनं तासाभराच्या आत पोचता येईल इतकं जवळ. आणि काका पंचेचाळीस वर्षांत तिथं गेले नव्हते. खर्ड्याच्या बाजारातला सौदा असला तर दुसऱ्याला पाठवायचे. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की हे सरांचे फार लाडके होते. शाळा सोडली तेव्हा सर दोनदा सायकलवर घरी आले होते, आणि दोन्ही वेळा हे कडब्याच्या गंजीमागं लपून बसले होते. "सर आता ऐंशीच्या फुडं गेलेत. पाय गेलेत त्यांचे," काकू म्हणाल्या. "हे राहून गेलं तर ह्यो मानूस जलमभर सोताला खाईल. तुमी न्या त्येला. तुमचं ऐकत्यात." माझं ते काडीइतकंही ऐकत नव्हते, पण दोन मार्क मागून घेऊ म्हटल्यावर पेपर घेऊन माझ्याबरोबर निघाले.

किल्ल्याच्या बाजूच्या एका बोळात सरांचं घर होतं. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते, अंगावर घोंगडी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. त्यांची मुलगी आत चहा ठेवत होती. काका उंबऱ्यातच थांबले आणि नुसतं 'सर' म्हणाले.

"आलास?" सर म्हणाले. "परीक्षा संपली रे."

काकांनी पाया पडायचं सोडून सरळ भाषणच सुरू केलं. आकडा नसतो असं मी धीटपणे लिहिलं, तुम्ही डूख धरला, माझी शाळा गेली, वगैरे. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. पेपर दाखव म्हणाले.

लाल फडकं उघडलं गेलं. गाठ काकांना सुटेना, शेवटी मुलीनं सुरी आणून कापली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा पेपर त्यांनी कधी आतून बघितलाच नव्हता. वरचे तेहतीस बघितले होते आणि घडी घातली होती. बाळाचं तोंड पाहिल्याशिवाय पेढा न खाणारा हा माणूस पंचेचाळीस वर्षं न वाचलेल्या पेपरावर भांडत होता.

सरांनी भिंग लावून ते गणित शोधलं आणि पेपर माझ्याकडे दिला. मी मोठ्यानं वाचलं. एक्स वर्ग अधिक नऊ बरोबर शून्य. खाली लिहिलं होतं, एक्स बरोबर तीन आय. 'असा आकडा नसतो' हे कुठंही नव्हतं. चार मार्कांच्या गणिताला दोन मार्क दिले होते, आणि समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'दुसरे मूळ?'

"अक्षर माझं न्हाई," काका म्हणाले. मग पेपर हातात घेऊन त्यांनी दाराच्या उजेडात धरला. "माझंच हाय."

नापास व्हायच्या भीतीनं त्यांनी मुकाट्यानं आय लिहिला होता. ती बाणेदार ओळ नंतर कधीतरी मनातच लिहिली गेली. आणि मार्क गेले होते ते जोडीतला एकच बैल बाजारात उभा केला म्हणून. ज्या माणसानं जन्मात कधी जोडी फोडली नाही, त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. मला हसूही येत होतं, हेही सांगायला हवं.

"फेरपरीक्षेला मी तीन तास बसून होतो," सर म्हणाले. "एकट्या तुझ्यासाठी पेपर काढला होता. तू आला नाहीस."

काका खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, आता द्या.

सरांनी गणित सांगितलं. काकांनी मांडी घालून, मी बघू नये म्हणून डावा हात वहीला आडवा धरून, रुमालाखाली ते सोडवलं. रुमालाचा प्रकार सरांनी भिंगातून बघितला. दोन्ही मुळं बरोबर आली. सरांनी लाल पेन मागवला, जुन्या पेपरावरचे तेहतीस खोडले आणि चौतीस केले. एक मार्क पायऱ्या गाळल्याबद्दल कापला, म्हणाले. राहिलेल्याचं पुढच्या शनिवारी बघू.

परतीच्या एसटीत काका धुमसत होते. पायऱ्या रुमालाखाली होत्या, दिसल्या नाहीत म्हणून काय झाल्या नाहीत का, असं ते मला विचारत होते. या प्रश्नावर मी त्यांना काय म्हणायला हवं होतं ते तुम्हीही जाणता. पण मी तिकिटाचे सुटे पैसे मोजत राहिले.

पुढच्या शनिवारी अक्षर किरटं म्हणून अर्धाच मार्क मिळाला. साडेचौतीस. त्याच्या पुढच्या वेळी समास सोडला नाही म्हणून पाव. पावणेपस्तीस. मग अर्धपाव. मग त्याचाही अर्धा. मला हे कळायला पाच शनिवार लागले, आणि मी गणित शिकवते. सर दर वेळी राहिलेल्याच्या निम्मं देत होते. असं देत गेलं तर हा माणूस पस्तीसच्या जवळ जवळ जात राहील आणि पस्तीसला कधीच पोचणार नाही. मी ते काकांना फार हळुवारपणे समजावून सांगायला बसले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते कवाच कळलंय मला. पस्तीस झालं तर कोन्त्या तोंडानं जाऊ तितं?"

मग त्यांनी काकूंना शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायला सांगितली. सरांना जवसाची चालत नसे.

वर्षभर हे चाललं. सर खोड्या काढायचे, काका रागवायचे, आणि शुक्रवारी रात्रीपासून रुमालाला इस्त्री व्हायची. पेपराच्या कोपऱ्यात अपूर्णांक इतके झाले की सरांच्या मुलीनं मागं एक कोरा कागद चिकटवला. थंडी सुरू झाली आणि सरांनी अंथरूण धरलं. बोलणं कमी झालं. तरी शनिवारी त्या खाटेपाशी लाल पेन ठेवलेला असे.

त्या शनिवारी मीही बरोबर होते. सरांनी फार हळू आवाजात गणित सांगितलं. एक्स वर्ग अधिक दोन एक्स अधिक पाच बरोबर शून्य. उत्तर, वजा एक अधिक-वजा दोन आय. काकांना ते झोपेत आलं असतं. त्यांनी रुमाल टाकला, बराच वेळ हात आत ठेवला, आणि उचलला तेव्हा वहीत वजा एकच्या जागी नुसता एक होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मुलीनं सरांच्या डोळ्यांपुढं भिंग धरलं. सर वहीवरून ओळीनं खाली आले, उत्तरापाशी थांबले, आणि पेपर मागितला. त्यांनी शेवटचा अपूर्णांक खोडला आणि पस्तीस लिहिले. भोवती गोल केला.

"सर, चुकलंय ते," काका म्हणाले. "चिन्ह चुकलंय बगा."

"दिसलं मला," सर म्हणाले.

"मंग कापा की."

सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन काकांच्या हातात दिला.

आम्ही घरी पोचलो. काकू दारात होत्या. पास केलं, एवढं सांगून ते ओट्यावर बसले आणि चारचौघांत येतं-जातं माणूस बघत असताना उपरणं तोंडाला लावून रडले. सर पुढच्या बुधवारी गेले.

मागच्या महिन्यात नगरपरिषदेकडून कुणी माणूस घरोघर माहिती लिहून घ्यायला आला होता. शिक्षण किती, असं त्यानं विचारलं. काका म्हणाले, अकरावी नापास. मी तिथंच होते. काका, पेपरावर पस्तीस आहेत, मी म्हटलं, सरांनी स्वतः लिहून गोल केलाय.

"ते चुकलेल्या गनिताचं हायेत. ते मी धरत न्हाई," ते म्हणाले. "सरांनी परत तपासाय पायजे."

त्या माणसानं लिहिलं, नापास. काकांनी त्याच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं, आणि बरोबर आहे म्हणाले.